कुंपणाला लाइट

आमचं घर गावात नव्हतं, हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. गावातलं घर चुलत्यांना सोडून आबा, म्हणजे माझे वडील, आम्हाला घेऊन शेतातल्या आखाड्यावर राहायला आले होते. विटांच्या दोन खोल्या, वर पत्रे, समोर सारवलेलं अंगण, एका बाजूला गोठा, दुसऱ्या बाजूला विहीर. आमचं गाव तीर्थपुरी तिथून पायी पाऊण तास, आणि मध्ये एकही घर नाही. माणसं आम्ही तीनच, आबा, माय आणि मी. सकाळी ऊन चढलं की पत्रे टकटक वाजायला लागायचे. त्या आवाजावर माय न्याहारीची वेळ ओळखायची. तिच्या येसराचा वास विहिरीपर्यंत जायचा. भाजलेल्या डाळींचं ते मसाल्याचं पीठ, त्याची आमटी आणि वर कच्चं तेल. मी आजही करते, पण तशी होत नाही, आणि होत नाही म्हणून मला दर वेळी रागही येतो. आबा तापट होते. त्यांचा हात आधी चालायचा आणि तोंड मागून. बैलाला, मला, मायला, कुणालाही. माझा स्वभाव त्यांच्यावरच गेलाय असं माझे मालक म्हणतात. म्हणू देत. मला ते नाकारायचं नाही, आणि आता या वयात त्याची लाजही वाटत नाही.

कापूस वेचणीचे दिवस होते. आतली खोली कापसानं छतापर्यंत भरलेली, म्हणून आम्ही तिघंही बाहेरच्या खोलीत. लाइट गेलेली, चिमणीच्या उजेडात जेवायला बसलो होतो. आमचा कुत्रा भुऱ्या गोठ्यामागं बांधलेला होता. आदल्या दिवशी तो दूधवाल्याला चावला म्हणून आबांनीच त्याला साखळीला अडकवलं होतं. तो भुंकायला लागला आणि थांबेचना. माय म्हणाली, "बघा की जरा, काय हाय." आबांनी तोंडातला घास न गिळताच ओरडून सांगितलं, "गप रे ए, मुडदा बशिवला तुझा." भुऱ्या आणखीच भुंकला. आबांनी उठून दारातलं पायताण त्याच्या दिशेनं भिरकावलं, तसा तो गप झाला, आणि परत ताटावर येऊन बसायच्या आत चार माणसं दारात उभी होती. तोंडाला उपरणी बांधलेली, एकाच्या हातात पहार. त्यानं काही विचारलं नाही, पहार उलटी धरून आबांच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो तेव्हा. मंग आमच्याच बैलाच्या कासऱ्यानं त्यांना मेढीला, पत्र्याखालच्या खांबाला, बांधलं.

पुढचं लिहायचं की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. लिहिते. मायच्या कानात सोन्याचे झुबे होते, तिच्या लग्नातले. लग्न झाल्यापासून तिनं ते एकदाही काढले नव्हते, आणि मळ बसून त्यांच्या फिरक्या जाम झाल्या होत्या. एक जण म्हणाला, "काढ जल्दी." मायनं फिरवून पाहिलं, म्हणाली, "दादा, निघून न्हाई राह्यले. तेल लावते, थांब." तो थांबला नाही. त्यानं आधी उजवा ओढला आणि मंग डावा. माय ओरडली नाही, तिच्या घशातून फक्त वारा निघाल्यासारखं काही तरी निघालं. मी भिंतीला चिकटून उभी होते. मला त्यांच्या अंगावर जायचं होतं, खरंच जायचं होतं, पण पाय उचलला नाही. दोघं आत कापूस उपसत होते, आणि चौथा, तो मी जन्मभर विसरणार नाही, मायच्या ताटावर बसला आणि तिची अर्धी भाकरी आमटीत कुस्करून जेवला. सगळी जेवला. उठताना म्हणाला, "तिखट हाय." आबा मेढीला बांधलेले, हे सगळं बघत होते. मला वाटतं, त्यांचा खांदा पहारीनं मोडला, पण ते स्वतः मोडले ते या दोन शब्दांनी.

सकाळी चुलते बैलगाडी घेऊन आले. आबांना हाडवैद्याकडं न्यायचं होतं, पण त्याआधी ते गोठ्यामागं गेले. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात बाभळीचं दांडकं. भुऱ्या शेपूट हलवत पुढं आला, साखळी पुरेल तेवढा. "भुकता येत न्हाई तुला? खायाला येतं, भुकाया येत न्हाई?" असं म्हणत आबांनी त्याला मारलं. चुलते धरायला गेले तर त्यांच्याही पाठीत एक बसली. भुऱ्या मेला तरी ते मारतच होते. माय दारातून आली. दोन्ही कानांना हळद दाबून वरून फडकं गुंडाळलेलं होतं, ते सगळं लाल झालेलं. ती शांतपणे म्हणाली, "भुकला व्हता त्यो. तुम्हीच गप केलं त्याला." आबांनी दांडकं तिच्यावर उगारलं. मारलं नाही, पण उगारलं. त्या दिवशी मी मनात त्यांच्याशी नातं तोडलं. सोळा वर्षांच्या पोरीनं नातं तोडून काय होतं म्हणा, दुपारी त्यांना भाकरी मीच वाढली.

मंग सुरू झालं ते राखणीचं वेड. भेटायला येणारा प्रत्येक जण एक एक उपाय सांगून जायचा आणि आबा प्रत्येकाचं ऐकायचे. कुणी म्हणालं काचा लावा, तर त्यांनी तीर्थपुरीच्या बाजारातून फुटक्या बाटल्यांचं पोतं आणलं आणि फाटकाच्या दोन्ही दगडी खांबांवर काचा बसवल्या. कुणी म्हणालं भाला करून घ्या, तो लोहाराकडून आला. उशाला मिरचीपुडीच्या पुरचुंड्या आल्या. आबा आमचा सरावही घ्यायचे. भर दुपारी मी धान्य निवडत असले की मागून ओरडायचे, "आले," आणि मी पुरचुंडी फोडून दाराकडं फेकायची. एकदा माय पाणी घेऊन आत येत होती, तिच्या डोळ्यांत गेली. ती दोन घटका विहिरीवर डोळे धूत बसली, आणि आबा मला म्हणाले, "बराबर फेकलीस. उंची बिलकुल बराबर." मला हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू. मायलाही आलं, पण नंतर.

या सगळ्यानं आबांचं समाधान झालं नाही. रानडुकरांसाठी लोक उसाच्या कुंपणाला लाइट सोडतात हे त्यांना ठाऊक होतंच. एक दिवस त्यांनी आखाड्याभोवती तीनपदरी तार ओढली, फाटक तेवढं लाकडी ठेवलं, आणि विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून एक वायर आणली. वायरीच्या टोकाला आकडा. रोज दिवस मावळला की आकडा तारेला अडकवायचा आणि सकाळी वेळूच्या काठीनं काढायचा. अडकवायचं काम आबांचं, काढायचं माझं, कारण सकाळी ते धारेला बसलेले असायचे. माय म्हणाली, "घरात लेकरू हाय, गुरं हायत. ही तार मला नगं." आबा म्हणाले, "तुला नगं व्हय? मला बी नगं व्हतं त्या दिशी मेढीला बांधून घ्यायचं." त्यावर मायनं पुन्हा विषय काढला नाही, पण तारेच्या जवळ कधी गेली नाही. धुणंसुद्धा ती विहिरीच्या काठावर दगडांवर वाळवायची.

शेजारच्या पडीक रानात त्या वर्षी ठकूबाईच्या मेंढ्या बसल्या होत्या. ठकूबाई धनगरीण, नवऱ्यासोबत कळप घेऊन फिरायची. मेंढ्या रानात बसवल्या की खत मिळतं, म्हणून शेतकरी त्यांना धान्य देऊन महिना महिना बसवून घेत. उंच, काळी, पायात जाड वहाणा, खांद्यावर सदा घोंगडी. माझं आणि तिचं चांगलं जमायचं, ती मला मेंढीच्या दुधाचा खर्वस आणून द्यायची. एका सकाळी तिची एक मेंढी आमच्या तारेला चिकटून मेलेली सापडली. ठकूबाई आली, मेंढीकडं पाहिलं, तारेकडं पाहिलं आणि आबांना म्हणाली, "मालक, मेंढरू व्हतं म्हून भागलं." आबा म्हणाले, "तुझी मेंढरं माझ्या दाराशी कशाला यायला पाह्यजेत? चोरांना वाट दावाया?" मेलेली मेंढी खांद्यावर टाकून निघून गेली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता लाइटीचं सांगायला हवं, नाही तर पुढचं कळणार नाही. तेव्हा शेतीला लाइट पाळीनं यायची. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रातची. रातची पाळी असली की सकाळी लाइट जायची ती थेट संध्याकाळी यायची. आम्ही सगळी त्या पाळीवर जगायचो. पाणी कधी द्यायचं, झोपायचं कधी, सगळं त्यावर. घरात एक बल्ब होता, तो चालूच ठेवलेला असायचा, म्हणजे लाइट आली की कळावं. आणि लाइट आली की जो कुणी आधी पाहील त्यानं ओरडायचं, "लाइट आली." मंग आबा असतील तिथून मोटारीकडं पळायचे. इतक्या वर्षांत पाळी चुकली असं फार कमी झालं असेल. लाइट गेली की तार मेली, असं आम्ही धरून चाललो होतो.

पौषाची थंडी होती आणि पाळी रातची. त्या दिवशी लाइट पहाटेच गेली. आदल्या संध्याकाळी घनसावंगीहून जीपवाल्याच्या हाती निरोप आला होता की चोर सापडलेत, ओळखायला ठाण्यात या. आबा उजाडायच्या आधीच तयार झाले. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, खांदा अजून वाकडाच. अंगणातून त्यांनी हाक मारली, "कौसे, आकडा काढला का?" मी वाकळीत गुरफटून पडले होते. बल्ब विझलेला दिसत होता. लाइट नाही, संध्याकाळपर्यंत येत नाही, मंग या थंडीत उठायचं कशाला. मी आतूनच म्हणाले, "काढला आबा." ते गेले. फाटक लावल्याचा आवाज आला आणि मी कूस बदलून झोपले.

एवढंच. एवढीच ती गोष्ट होती. मी तेव्हापासून ती हजार वेळा मनात फिरवून पाहिली, आणि दर वेळी मी उठते, काठी घेते, आकडा काढते आणि परत येऊन झोपते. दोन मिनिटांचं काम होतं.

उठले तेव्हा ऊन आलं होतं. माय खुशीत होती. चोर सापडले म्हणजे ही तार निघणार, एवढंच तिच्या डोक्यात. "आज आल्याबरोबर काढाया लावते बघ मी ह्यांना," म्हणाली. मी विचारलं, "माय, झुबे बी सापडले असतील का गं?" ती हसली. तिच्या कानांच्या पाळ्या फाटून दोन दोन झाल्या होत्या आणि तशाच भरून आल्या होत्या. त्या हातानं चाचपत म्हणाली, "सापडले तरी घालू कुठं?" मंग आम्ही दोघी हसलो. आपल्या फाटक्या कानांवर हसणारी बाई होती ती. तिला त्या दिवशी घर धुवून काढायचं होतं. तिनं वाकळी काढल्या, माझ्या अंगावरचीसुद्धा, विहिरीवर नेऊन पायानं तुडवून धुतल्या. ओल्या वाकळीचं वजन दोघींनाही जड जातं. दगडांवर मी उकडायच्या तुरीच्या शेंगा पसरल्या होत्या. मायनं तारेकडं पाहिलं आणि मला विचारलं, "आकडा काढला ना गं?" मी चुलीपुढं होते. म्हणाले, "व्हय की." दुसऱ्यांदा. तेव्हा मनात आलंही, की आता भाकरी झाली की काढून येते. भाकरी तव्यावर होती, टाकून जायला जमत नव्हतं. आणि लाइट तर नव्हतीच.

मी शेवटची भाकरी थापत होते आणि बल्ब लागला. मला आठवतं, मला आनंद झाला. दिवसा लाइट, रातच्या पाळीत, म्हणजे फुकटचं पाणी. आबा नाहीत तर मोटार मी चालू करीन, ते आल्यावर बघतील, हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं. मी पीठ भरल्या हातानं दाराकडं तोंड करून ओरडले, "माय, लाइट आली." मोठ्यानं, खुशीत. उत्तर आलं नाही. मी परत ओरडले, "माय, लाइट आली गं." आणि मंग, तोंडातून शब्द गेल्यावर, मला आकडा आठवला.

ती तारेवर होती. वाकळ अर्धी अलीकडं, अर्धी पलीकडं, आणि तिचे दोन्ही हात ओल्या वाकळीवर आवळलेले. अंग नुसतं कापत होतं, डोळे उघडे, आणि ती माझ्याकडं बघत होती की नव्हती, मला आजही सांगता येत नाही. मी तिला धरायला धावले. ठकूबाई पलीकडच्या रानातून ओरडत येत होती, "शिवू नगं. पोरी, शिवू नगं तिला." तिनं फाटकावरून आत उडी घेतली, मला कोपरानं असं ढकललं की मी तोंडावर पडले, दात ओठात घुसला. खांद्यावरची कोरडी घोंगडी तिनं मायच्या कमरेभोवती टाकली आणि दोन्ही टोकं धरून सगळ्या ताकदीनं मागं ओढलं. मी उठून काठी शोधली, आकडा काढला. काठी तिथंच होती, रोजच्या जागेवर, खांबाला टेकवलेली. माय अंगणात पडली होती. ठकूबाई तिची छाती चोळत होती, पाय चोळत होती, तिला शिव्या देत होती, उठ म्हणून. मायच्या तळहातांचा वास येत होता. चुलीवरची भाकरी जळत होती, तिचाही येत होता. बऱ्याच वेळानं ठकूबाईनं हात थांबवले आणि तीच घोंगडी मायच्या तोंडावरून ओढली.

आबा दुपारी पोलिसांच्याच गाडीतून आले. निरोप ठाण्यात पोचला तेव्हा ते चोरांसमोर उभे होते. ज्यानं भाकरी खाल्ली होती तो त्यांनी ओळखला म्हणे, आवाजावरून. गाडीतून उतरून ते सरळ मायपाशी आले, घोंगडी बाजूला करून पाहिलं आणि तिथंच खाली बसले. अंगणात गाव जमला होता. साहेबांनी तार पाहिली, आकडा पाहिला, वायर कुठून आली ते पाहिलं आणि मला विचारलं, "रोज आकडा कोण काढतं?" मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं. आबा मला दांडक्यानं मारतील, भुऱ्याला मारलं तसं मारतील, आणि मारायलाच पाहिजे, असं मला वाटत होतं. मी "मी" म्हणायच्या आत आबा खालूनच म्हणाले, "मीच काढतो, साहेब. आज जायच्या गडबडीत राह्यला." साहेब म्हणाले, "पोरीला विचारतोय मी." आबा म्हणाले, "पोरीला काय इचारता? तार माझी, आकडा माझा. लिहा की." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मी गप्प राहिले. सोळा वर्षांची होते, ही काही सबब नाही. मला वाचायचं होतं आणि मी वाचले.

आबांवर केस झाली. काही महिने ते आत होते, मंग जामीन, मंग जालन्याच्या तारखा, कितीतरी वर्षं. लग्न होईपर्यंत मी चुलत्यांकडं राहिले. सुटून आल्यावर त्यांनी तार काढली, काचा फोडून काढल्या, भाला विहिरीत टाकला. एकटेच राहायचे, दाराला कडीसुद्धा लावत नव्हते. पुन्हा कुत्रा पाळला, आणि तो रात्रभर भुंकला तरी त्याला कधी गप म्हणाले नाहीत, असं शेजारी मेंढ्या बसवायला येणारी ठकूबाईच मला सांगायची. मला मारायला मात्र त्यांचा हात पुन्हा कधी उठला नाही. तो उठायला हवा होता असं मला वाटायचं. आखाड्यावर भाकरी द्यायला गेले की मी मुद्दाम काही तरी सांडायची, उलट बोलायची. ते नुसते उठून बाहेर जायचे.

माझं लग्न बदनापूरला झालं. पहिल्या दिवाळीनंतर आबा अचानक आले. बसले, चहा घेतला आणि बंडीच्या खिशातून गाठ मारलेला रुमाल काढून माझ्यापुढं ठेवला. कोर्टानं मुद्देमाल परत दिला होता. मायचे झुबे. फिरक्या अजून तशाच बसलेल्या, एकदाही न उघडलेल्या. मालक बाहेर गेले होते. मी झुब्यांना हात लावला नाही. म्हणाले, "आबा, त्या दिवशी मी वाकळीतूनच…" त्यांनी हात वर केला. "माहीत हाय मला." मी म्हणाले, "तुम्हाला खोटं सांगितलं मी. मायला बी सांगितलं. दोनदा." त्यांनी रुमाल आणखी माझ्याकडं सारला. मंग म्हणाले, "आकडा मी लावला व्हता ना? मंग काढला कोणी न्हाई, हे इचारायचं कशाला." उठले, पायात वहाणा घातल्या आणि पाच वाजताची गाडी चुकेल म्हणून निघाले. मी त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेले, रस्त्यात ते माझ्या सासरच्या म्हशींचं दूध किती आहे ते विचारत होते.

आता मुलानं दाराला कॅमेरा बसवलाय, मोबाइलवर दिसतं म्हणे कोण आलं ते. चांगलं आहे. झुबे कपाटात आहेत, फिरक्या मी उघडल्या नाहीत. आमच्याकडं अजूनही उन्हाळ्यात लाइट जाते. परत आली की नातवंडं सगळ्या घरभर नाचत ओरडतात, "आली, आली." मी त्यांच्यासोबत ओरडत नाही. हातातलं काम टाकून उठते, प्रत्येक खोलीत जाते, मोरीत बघते, मागच्या अंगणात बघते, आणि घरातलं एक एक माणूस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय परत येऊन बसत नाही.